रिकॉम्बिनंट पीडीई१०ए: आयसी५० जुळत नाही म्हणून एन्झाइमला दोष देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सायक्लिक एएमपी आणि सायक्लिक जीएमपी हे पेशीतले संदेशवाहक रेणू फोडणाऱ्या पीडीई१०ए चा एक प्रकार, ह्यूमन पीडीई१०ए२, त्याचं रिकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशींत जीन घालून बनवलेलं) एन्झाइम घेतलंय, पूर्ण लांबीचं, एन-टर्मिनलला (पुढच्या टोकाला) जीएसटी टॅग म्हणजे जोडलेलं एक वेगळं प्रोटीन, किड्याच्या एसएफ९ पेशींमध्ये बॅक्युलोव्हायरस वापरून बनवलेलं. २५ मायक्रोलिटरच्या वेलमध्ये १० नॅनोग्रॅम एन्झाइम, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याला फोडतं तो रेणू) म्हणून १ मायक्रोमोलर सायक्लिक एएमपी, ३० मिनिटं रिअ‍ॅक्शन. पापावेरीन या इनहिबिटरचा (एन्झाइमला अडवणाऱ्या रेणूचा) आयसी५०, म्हणजे एन्झाइम निम्मं अडवायला लागणारं प्रमाण, आला साधारण ६ मायक्रोमोलर, पेपरमध्ये ३६ नॅनोमोलर दिलाय. एमपी-१० या दुसऱ्या इनहिबिटरचा आला ६० नॅनोमोलर, पेपरमध्ये ०.३७ नॅनोमोलर आहे. मग एन्झाइम खराब आलंय का, पूर्ण लांबीच्या ऐवजी फक्त कॅटॅलिटिक डोमेन (रिअ‍ॅक्शन करणारा तुकडा) घ्यायला हवं होतं का, आणि या आकड्यांवरून मेंदूबद्दल काही बोलता येईल का, असे तीन प्रश्न.

आधी पहिल्याचं उत्तर देतो कारण ते तुमच्याच आकड्यांमध्ये आहे. एन्झाइम खराब नाहीये. दोन्ही कंपाउंड्सचे आकडे पेपरपेक्षा वर सरकलेत, पण दोघांमधलं अंतर बघा, पेपरमध्ये एमपी-१० हे पापावेरीनपेक्षा साधारण शंभरपट ताकदवान आहे आणि तुमच्याकडेही शंभरपटच आलंय. अ‍ॅक्टिव्ह साइट (रिअ‍ॅक्शन जिथे होते ती जागा) बिघडलेली असती, प्रोटीन अर्धवट उलगडलेलं असतं किंवा प्रेपमध्ये दुसरंच कुठलं पीडीई मिसळलेलं असतं तर हे गुणोत्तर इतकं नीट टिकलं नसतं, कारण वेगवेगळ्या रचनेचे रेणू वेगवेगळ्या प्रमाणात बिघडतात. सगळं एकाच पटीत सरकलंय म्हणजे दोष चाचणीच्या मांडणीत आहे, आणि माझा अंदाज असा की दोन गोष्टी एकत्र झाल्यात, एन्झाइम खूप जास्त पडलंय आणि सबस्ट्रेट केएमच्या (ज्या सबस्ट्रेट-प्रमाणावर एन्झाइम निम्म्या कमाल वेगाने चालतं त्याच्या) खूप वर आहे.

हिशोब करून बघू. १ मायक्रोमोलर सबस्ट्रेट २५ मायक्रोलिटरमध्ये म्हणजे २५ पिकोमोल. समजा तुमच्या लॉटची स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी दर मायक्रोग्रॅमला मिनिटाला १००० पिकोमोल आहे (तुमच्या सर्टिफिकेटवरचा खरा आकडा टाकून हाच हिशोब परत करा), तर १० नॅनोग्रॅम एन्झाइम मिनिटाला १० पिकोमोल सायक्लिक एएमपी फोडणार. म्हणजे २५ पिकोमोल अडीच-तीन मिनिटांत संपले, आणि उरलेली सत्तावीस मिनिटं प्लेट नुसती बसून आहे. आता त्या वेलमध्ये इनहिबिटर टाकला आणि एन्झाइम ९० टक्के बंद झालं तरी उरलेलं १० टक्के एन्झाइम ३० मिनिटांत सगळा सबस्ट्रेट संपवू शकतं, त्यामुळे प्लेट रीडरला काहीच फरक दिसत नाही. निम्मा सिग्नल दिसायला एन्झाइम जवळजवळ पंचवीसपट मंदावायला लागतं. म्हणजे तुम्ही ज्याला आयसी५० म्हणताय तो खरं म्हणजे ९६ टक्के इनहिबिशनचा आकडा आहे.

त्यात दुसरी गोष्ट मिसळली, सबस्ट्रेट. पीडीई१०ए चा सायक्लिक एएमपीसाठीचा केएम फार कमी आहे. १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी हे एन्झाइम जवळपास एकाच वेळी शोधलं तेव्हापासून सायक्लिक एएमपीसाठी ०.०५ ते ०.२६ मायक्रोमोलर आणि सायक्लिक जीएमपीसाठी ३ ते ७ मायक्रोमोलर असे आकडे रिपोर्ट झालेत. ०.०५ धरला तर तुमचा १ मायक्रोमोलर सबस्ट्रेट केएमच्या वीसपट आहे. पापावेरीन असो की एमपी-१०, दोघेही अ‍ॅक्टिव्ह साइटमध्येच बसतात म्हणजे सबस्ट्रेटशी जागेसाठी स्पर्धा करतात, आणि चेंग-प्रुसॉफच्या सूत्राप्रमाणे आयसी५० म्हणजे केआय (रेणू एन्झाइमला किती घट्ट धरतो त्याचा आकडा) गुणिले (१ अधिक सबस्ट्रेट भागिले केएम), म्हणजे तुमच्या केसमध्ये केआयच्या २१ पट. २० नॅनोमोलर केआय असलेला रेणू ५० नॅनोमोलर सबस्ट्रेटवर ४० दाखवेल आणि तुमच्या १ मायक्रोमोलरवर ४२० दाखवेल. यात कोणाचीच चूक नाही, आयसी५० हा मुळात त्या रेणूचा गुणधर्मच नाहीये, तो त्या दिवशीच्या वेलचा गुणधर्म आहे. त्यावर सबस्ट्रेट संपण्याचा परिणाम चढला की मायक्रोमोलरमध्ये जायला वेळ लागत नाही. तुमचा ६ मायक्रोमोलर मला म्हणूनच अजिबात विचित्र वाटला नाही, या परिस्थितीत तो तसाच यायला हवा.

आता काय करायचं. सगळ्यात आधी इनहिबिटर बाजूला ठेवा. फक्त एन्झाइम घ्या, १० नॅनोग्रॅमपासून सुरू करून दर वेळी निम्मं करत दहा पायऱ्या खाली या म्हणजे साधारण १० पिकोग्रॅमपर्यंत पोचाल, आणि प्रत्येक प्रमाणावर ५, १०, २०, ३०, ४५ मिनिटांना रिअ‍ॅक्शन थांबवून प्रॉडक्ट मोजा. ज्या प्रमाणावर रेषा सरळ आहे आणि ३० मिनिटांच्या पॉइंटलाही २० टक्क्यांच्या आतच सबस्ट्रेट फुटलाय तेच तुमचं प्रमाण. वरच्याच हिशोबाने १ मायक्रोमोलर सबस्ट्रेटवर ते साधारण १६०-१७० पिकोग्रॅम येईल, म्हणजे तुम्ही साठपट जास्त टाकत होतात, आणि सबस्ट्रेट १०० नॅनोमोलरवर आणलात तर वीस-पंचवीस पिकोग्रॅम. हे आकडे बघून लोक घाबरतात, इतकं कमी कसं चालेल म्हणतात, पण चालतं. उलट १० नॅनोग्रॅमची सवय कुठून येते तर दुसऱ्या एन्झाइमांच्या प्रोटोकॉलमधून, आणि मोठ्ठा सिग्नल दिसला की बरं वाटतं म्हणून कोणी ते बदलत नाही.

इतकं पातळ करताना मात्र एक गोष्ट जपा. दहा पिकोमोलरच्या आसपासचं प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं, आणि मग तुम्ही मोजताय ते टाकलेलं एन्झाइम नसतं तर ट्यूबच्या भिंतीवरून सुटून राहिलेलं एन्झाइम असतं. डायल्युशन बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए किंवा ०.०५ टक्के ट्वीन-२० ठेवा, लो-बाइंडिंग ट्यूब घ्या, आणि शेवटचं डायल्युशन वापरायच्या अगदी आधी करा, सकाळी करून दुपारी वापरू नका. मूळ स्टॉक उणे ८० ला छोट्या छोट्या अलिक्वॉटमध्ये, ग्लिसरॉलसकट, आणि एकदा वितळलेला अलिक्वॉट परत गोठवायचा नाही. बफर साधा आहे, ट्रिस पीएच ७.५ च्या जवळ आणि ५ ते १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये दोन धातूंचे आयन लागतात, एक झिंक जो घट्ट बसलेला असतो आणि दुसरा साधारण मॅग्नेशियम, त्यामुळे हे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए चुकून कुठल्या स्टॉकमधून येत नाहीये ना ते बघा. डीएमएसओ (रेणू ज्यात विरघळवतात तो द्रव) सगळ्या वेलमध्ये सारखा आणि १ टक्क्याच्या आत, आणि कंट्रोल वेलमध्येही तेवढाच टाका, हे सांगायची गरज नसावी पण कर्व्हचा वरचा भाग तिरका येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

युनिटच्या भानगडीबद्दल दोन शब्द. एका सर्टिफिकेटवर एक युनिट म्हणजे मिनिटाला एक पिकोमोल असतं, दुसऱ्यावर एक नॅनोमोल, कुठे ३० डिग्रीला मोजलेलं, कुठे ३७ ला, कुठे सबस्ट्रेट सायक्लिक एएमपी तर कुठे जीएमपी. त्यामुळे दोन ठिकाणच्या एन्झाइमची तुलना युनिटवर करू नका, आणि लॉट बदलला की वरचं टायट्रेशन (एन्झाइम निम्मं-निम्मं करत मोजण्याची ती पायरी) पुन्हा करा. जेलवर एकच स्वच्छ पट्टा दिसतो याचा अर्थ ते सगळं प्रोटीन काम करतंय असा होत नाही. शुद्ध असणं वेगळं आणि सक्रिय असणं वेगळं.

एमपी-१० साठी अजून एक अडचण आहे जी पापावेरीनला नाही. जीएसटी धरून तुमचं प्रोटीन साधारण ११५ किलोडाल्टनचं आहे, १० नॅनोग्रॅम २५ मायक्रोलिटरमध्ये म्हणजे साडेतीन नॅनोमोलर एन्झाइम. इनहिबिटरची ताकद ०.३७ नॅनोमोलर आणि एन्झाइमच साडेतीन, मग निम्मं एन्झाइम अडवायलाच पावणेदोन नॅनोमोलर रेणू खर्च होतात, त्यापेक्षा खालचा आयसी५० त्या वेलमध्ये दिसूच शकत नाही, रेणू कितीही चांगला असला तरी. याला टाइट बाइंडिंग म्हणतात आणि औषध शोधणाऱ्या प्रोजेक्टमध्ये यामुळे खूप नुकसान होतं, कारण एका टप्प्यानंतर सगळे रेणू सारखेच दिसायला लागतात आणि केमिस्टला वाटतं की आता सुधारणा होत नाहीये, खरं म्हणजे चाचणी तळाला टेकलेली असते. एन्झाइम साठपट कमी केलंत की हा तळ ०.०३ नॅनोमोलरपर्यंत खाली जातो. त्यापुढचे रेणू असतील तर मॉरिसनचं समीकरण वापरा, त्यात एन्झाइमची कॉन्सन्ट्रेशन धरलेली असते, आणि त्याच फिटमधून किती टक्के एन्झाइम खरोखर सक्रिय आहे त्याचाही अंदाज निघतो. आणि अशा ताकदवान रेणूंना एन्झाइमसोबत १५-२० मिनिटं आधी ठेवा मग सबस्ट्रेट टाका, पिकोमोलर-नॅनोमोलर प्रमाणात बाइंडिंगलाच वेळ लागतो.

कुठली पद्धत वापरताय ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून थोडं सगळ्यांबद्दल. रेडिओअ‍ॅक्टिव्ह पद्धत जुनी आहे, ट्रिशियमवालं सायक्लिक एएमपी, पीडीईने त्याचं पाच-प्राइम एएमपी केलं की सापाच्या विषातलं न्यूक्लिओटायडेज त्याचं अ‍ॅडेनोसिन करतं आणि रेझिनने ते वेगळं करून मोजायचं. कटकटीची आहे पण खरा सबस्ट्रेट, हव्या त्या कमी प्रमाणात, म्हणून मला अजूनही शेवटचा निकाल तिचाच पटतो. फक्त ते दुसरं एन्झाइम भरपूर हवं, नाहीतर तुम्ही विषाचाच वेग मोजत बसाल. फ्लोरोसन्स पोलरायझेशनमध्ये सबस्ट्रेटला फ्लोरेसिन लावलेलं असतं, म्हणजे तो रेणूच वेगळा झाला, त्याचा केएम साध्या सायक्लिक एएमपीच्या पेपरमधून उचलून चेंग-प्रुसॉफमध्ये टाकू नका, स्वतः मोजा. शिवाय पोलरायझेशनचा आकडा आणि किती टक्के सबस्ट्रेट फुटला यांचं नातं सरळ रेषेचं नसतं, लेबल लावलेला सबस्ट्रेट आणि प्रॉडक्ट वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून एक स्टँडर्ड कर्व्ह काढा आणि प्रत्येक रीडिंग त्यातून पास करा. ल्युमिनेसन्सवाल्या पद्धतीत उरलेलं सायक्लिक एएमपी पीकेए नावाच्या दुसऱ्या एन्झाइमला जागं करतं, पीकेए एटीपी खातं आणि उरलेलं एटीपी ल्युसिफरेज (उजेड पाडणारं एन्झाइम) दाखवतं. सोपी आहे पण साखळी लांब आहे, ल्युसिफरेजला अडवणारा रेणू तुम्हाला पीडीई इनहिबिटर वाटेल आणि पीकेएला अडवणारा रेणू खऱ्या पीडीई इनहिबिटरला लपवेल. त्यामुळे हिट मिळाला की पीडीईशिवायची प्लेट लावून तोच रेणू तपासायचा, अपवाद नाही.

एक स्वस्तातली आणि फार उपयोगी तपासणी सांगतो जी फार कमी लोक करतात. हे एन्झाइम सायक्लिक एएमपी आणि सायक्लिक जीएमपी दोन्ही फोडतं, अ‍ॅक्टिव्ह साइट एकच. मग स्पर्धा करणाऱ्या इनहिबिटरचा केआय दोन्ही सबस्ट्रेटवर सारखाच यायला हवा, आयसी५० वेगळे आले तरी. जीएमपीचा केएम बराच वरचा असल्यामुळे त्यात सबस्ट्रेट संपण्याची भीतीही कमी. दोन्हीकडून काढलेला केआय दोन-तीन पटींच्या आत जुळला तर तुमची मांडणी विश्वासाची आहे. नाही जुळला तर एकतर कुठलातरी केएम चुकीचा आहे किंवा रेणू स्पर्धेचा नाहीये, आणि दुसरी शक्यता असेल तर ती खरी बातमी आहे, तिच्या मागे लागा.

आता दुसरा प्रश्न, पूर्ण लांबीचं की कॅटॅलिटिक डोमेन. फक्त इनहिबिटर रँक करायचे असतील, स्ट्रक्चर काढायचं असेल तर कॅटॅलिटिक डोमेन छान. शेवटची साधारण साडेतीनशे अमिनो अ‍ॅसिडं, ई. कोलायमध्येही बनतं, भरपूर मिळतं, क्रिस्टल होतं. या वर्गातल्या औषधांचं डिझाइन बऱ्याच अंशी अशाच स्ट्रक्चरवर झालंय, एमपी-१० चा क्विनोलीनचा भाग ज्या खोलगट कप्प्यात शिरतो तो कप्पा पीडीई१०ए मध्ये मोकळा असतो आणि बाकीच्या बहुतेक पीडीईंमध्ये तसा मोकळा मिळत नाही, त्यामुळेच इतकी सिलेक्टिव्हिटी मिळाली. पण तुमचा विषय सिग्नलिंगचा आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तिथे माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण लांबीचंच घ्या. कारण पुढचा अर्धा भाग शोभेचा नाहीये.

त्या पुढच्या भागात जीएएफ नावाचे दोन रेग्युलेटरी डोमेन आहेत, ए आणि बी, आणि बी मध्ये सायक्लिक एएमपी बसतं, ह्यूमन प्रोटीनच्या क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये ते दिसलेलं आहे. आता विचार करा, ज्या रेणूला हे एन्झाइम फोडतं तोच रेणू त्याच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याला काहीतरी सांगतोय. तो नेमकं काय सांगतो यावर लॅब्जमध्ये एकमत नाही, आणि कारण समजण्यासारखं आहे, सबस्ट्रेट आणि रेग्युलेटर एकच असल्यावर वाढलेला वेग सबस्ट्रेट वाढल्यामुळे की डोमेनमध्ये बसल्यामुळे हे वेगळं काढणं फार अवघड. पीडीई२ए मध्ये हे सोपं आहे, तिथे जीएएफ-बी मध्ये सायक्लिक जीएमपी बसतं आणि एएमपी फोडण्याचा वेग वाढताना स्वच्छ दिसतो. पीडीई१०ए वाल्यांनी त्यासाठी जीएएफचा भाग कापून एका सायनोबॅक्टेरियाच्या सायक्लेजला (सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला) जोडला आणि दाखवलं की सायक्लिक एएमपीने तो स्विच दाबला जातो. पण अख्ख्या एन्झाइमवर तसा परिणाम दिसला नाही असंही छापून आलंय.

मग हा सगळा कोरडा वाद आहे का, तर नाही, आणि इथे मला हा विषय खरोखर महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये पीडीई१०ए च्या जीनमधल्या बदलांमुळे लहान मुलांना कोरिया, म्हणजे हातापायांच्या अनियंत्रित हालचाली होतात असं दोन वेगवेगळ्या पेपरमध्ये आलं. एका गटातल्या मुलांमध्ये ३०० किंवा ३३४ नंबरच्या फेनिलअ‍ॅलनीनच्या जागी ल्युसीन आलेलं होतं, दोन्ही जागा जीएएफ-बी मध्येच, अ‍ॅक्टिव्ह साइटपासून लांब. अशा एन्झाइमची मूळ अ‍ॅक्टिव्हिटी जवळपास नॉर्मल होती, बिघडली होती ती सायक्लिक एएमपीने मिळणारी चालना. आणि मुलांच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या स्ट्रायटममध्ये (मेंदूतल्या हालचालींशी संबंधित खोल भागात) बदल दिसत होते. दुसऱ्या पेपरमधल्या कुटुंबांमध्ये आईवडील दोघांकडून आलेले बदल होते आणि त्यात प्रोटीनच कमी उरत होतं. पहिल्या गटातलं म्युटंट तुम्ही फक्त कॅटॅलिटिक डोमेनच्या चाचणीसाठी बनवलंत तर तो बदल त्या तुकड्यात असणारच नाही, आणि पूर्ण लांबीच्या एन्झाइमवर नुसता बेसल वेग मोजलात तरी सगळं ठीक वाटेल. ज्या भागात आजार आहे तोच भाग कापून टाकलेल्या रीएजंटवर सिग्नलिंगचे निष्कर्ष काढू नयेत असं मी म्हणतो ते म्हणून.

पूर्ण लांबीच्या एन्झाइमलाही मर्यादा आहेत. पीडीई१०ए२ मध्ये अकराव्या जागेवरच्या सिस्टीनला पाल्मिटिक अ‍ॅसिडची शेपटी लागते आणि त्यामुळे न्यूरॉनमध्ये ते मेंब्रेनला धरून राहतं, स्ट्रायटममधलं बहुतेक पीडीई१०ए असंच मेंब्रेनवर सापडतं. सोळाव्या जागेवरच्या थ्रिओनीनवर पीकेएने फॉस्फेट लावला तर ही जोडणी होत नाही आणि एन्झाइम सायटोसोलमध्ये राहतं. म्हणजे सायक्लिक एएमपी वाढलं, पीकेए जागं झालं, तर त्याचा परिणाम एन्झाइमच्या जागेवरही होऊ शकतो. तुमच्या ट्यूबमध्ये एन-टर्मिनलवर अख्खा जीएसटी बसलाय, विरघळणारं प्रोटीन वेगळं काढलंय, म्हणजे ही सगळी गोष्ट तिथे बंद आहे. शिवाय जीएसटी स्वतःच जोडी करतं, त्यामुळे डायमर किंवा जीएएफबद्दल काही म्हणायचं असेल तर टॅग कापता येईल असा कन्स्ट्रक्ट घ्या किंवा सी-टर्मिनलला छोटा हिस्टिडीन टॅग असलेला बघा. इनहिबिटरच्या आयसी५० साठी मात्र टॅगने फारसं काही बिघडत नाही.

तिसरा प्रश्न, मेंदू. हे एन्झाइम मेंदूत सगळीकडे सारखं नाहीये, ते मुख्यतः स्ट्रायटममध्ये म्हणजे कॉडेट, पुटामेन आणि न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्समध्ये आहे, आणि तिथेही मीडियम स्पायनी न्यूरॉन्समध्ये, जे स्ट्रायटमच्या न्यूरॉन्समधले नव्वद टक्क्यांहून जास्त आहेत. हे न्यूरॉन दोन प्रकारचे, डी१ रिसेप्टरवाले हालचालीला चालना देणारे आणि डी२ वाले तिला रोखणारे. डी१ वाल्यांमध्ये डोपामिनमुळे सायक्लिक एएमपी वाढतं, डी२ वाल्यांमध्ये डोपामिन ते कमी करतं आणि अ‍ॅडेनोसिनचा ए२ए रिसेप्टर ते वाढवतो. पुढे पीकेए, मग डार्प-३२ नावाच्या प्रोटीनच्या ३४ नंबरच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट, मग प्रोटीन फॉस्फेटेज-१ ला लगाम, अशी साखळी. दुसऱ्या बाजूने नायट्रिक ऑक्साइडमुळे सायक्लिक जीएमपी वाढतं. आणि पीडीई१०ए दोन्ही प्रकारच्या न्यूरॉन्समध्ये दोन्ही सिग्नल खाली आणतं. त्यामुळे इनहिबिटर दिला की अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबल्यासारखं होतं, गाडी कुठे जाईल हे त्या क्षणी कोणावर जास्त जोर आहे यावर ठरतं, आणि हे एन्झाइमच्या प्लेटमधून कधीच कळणार नाही.

यामुळेच क्लिनिकमधला इतिहास लक्षात ठेवा. उंदीर-घुशींमध्ये पीडीई१०ए इनहिबिटर अँटिसायकोटिक औषधांसारखे वागले, खूप आशा होती. मग माणसांमध्ये एमपी-१०, म्हणजे पीएफ-०२५४५९२०, स्किझोफ्रेनियाच्या फेज २ मध्ये प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. टाक-०६३, म्हणजे बालिपोडेक्ट, त्याच आजारात मुख्य उद्दिष्टापर्यंत पोचलं नाही. हंटिंग्टनच्या आजारातही एमपी-१० ची फेज २ ट्रायल २०१६ मध्ये अपयशी ठरली. यातल्या कुठल्याही रेणूचा एन्झाइमवरचा आकडा वाईट नव्हता, तो सबनॅनोमोलर आहे. हंटिंग्टनमध्ये तर उलट पेट स्कॅनवर दिसतं की लक्षणं येण्याच्या कित्येक वर्षं आधीच स्ट्रायटममधलं पीडीई१०ए कमी व्हायला लागतं, म्हणजे आधीच कमी झालेलं एन्झाइम अजून अडवायचं की नाही हाच मोठा प्रश्न. त्या मुलांच्या म्युटेशन्सकडे परत बघितलं तर मला वाटतं कायमचं आणि पूर्ण इनहिबिशन हे ध्येय फार सावधपणे ठेवायला हवं. पेट स्कॅनसाठी मात्र हेच रेणू फार कामाचे ठरलेत, टार्गेट इतकं एका जागी एकवटलेलं आणि रेणू इतका घट्ट बसणारा असल्यावर चित्र स्वच्छ येतं, आणि डोस दिल्यावर खरंच किती एन्झाइम अडलं हे जिवंत माणसात मोजता येतं.

मग तुमच्या आकड्यांवरून काय म्हणता येईल? शुद्ध एन्झाइमवर, अमुक सबस्ट्रेटवर, अमुक केआय, आणि बाकीच्या पीडीईंपेक्षा इतक्या पटीने सिलेक्टिव्ह, एवढं ठामपणे म्हणता येईल. माणसात पीडीईच्या ११ फॅमिली आणि २१ जीन्स आहेत, सगळ्यांवर तपासता आलं तर उत्तमच, नाहीतर निदान स्ट्रायटममध्ये शेजारी राहणारी तरी घ्या, पीडीई१बी, २ए, ४बी, ७बी, ९ए. प्रत्येक एन्झाइम त्याच्या स्वतःच्या केएमच्या आसपास चालवा, १बी ला कॅल्शियम-कॅल्मोड्युलिन द्यायला विसरू नका, आणि ९ए ला आयबीएमएक्सने (बहुतेक पीडीईंना अडवणाऱ्या रेणूने) काही होत नाही त्यामुळे त्याच्या प्लेटमध्ये आयबीएमएक्स पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवलंत तर चाचणी चालत नाहीये असं वाटेल. पीडीई१०ए ला आयबीएमएक्स दोन-तीन मायक्रोमोलरच्या आयसी५० ने अडवतं, म्हणून जास्त प्रमाणात ते रिअ‍ॅक्शन थांबवायला चालतं. पापावेरीन कंट्रोल म्हणून ठेवा पण पेशींमध्ये त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका, जास्त प्रमाणात ते पीडीई३ आणि पीडीई४ लाही अडवतं.

पुढची पायरी म्हणून स्ट्रायटमचे प्रायमरी न्यूरॉन किंवा मेंदूचे स्लाइस घ्या, त्यात सायक्लिक एएमपी आणि जीएमपी दोन्ही मोजा, एकच नाही, आणि सोबत डार्प-३२ चा थ्रिओनीन-३४ वरचा फॉस्फेट बघा. नुसत्या बेसल अवस्थेत मोजलंत तर फरक लहान दिसेल, डी१ अ‍ॅगोनिस्ट किंवा ए२ए अ‍ॅगोनिस्टचा (तो रिसेप्टर चालू करणाऱ्या रेणूचा) हलका डोस देऊन मोजा म्हणजे कुठल्या प्रकारच्या न्यूरॉनमध्ये काय होतंय ते वेगळं दिसायला लागेल. पण त्याआधी ते टायट्रेशन करा, १०० नॅनोमोलर सबस्ट्रेटवर पापावेरीन पुन्हा चालवा, आणि रिझल्ट लिहिताना आयसी५० च्या शेजारी एन्झाइम किती, सबस्ट्रेट किती, केएम किती, किती टक्के सबस्ट्रेट फुटला आणि कन्स्ट्रक्ट कुठला, हे पाच आकडे-तपशील टाका. ते टाकून नवीन कर्व्ह पाठवलात तर पुढे काय करायचं ते नक्की सांगतो.